बावीस अंशांचा मफलर

पहाटे पाचला लिफ्टचं दार उघडलं, तर आत चौथ्या मजल्यावरच्या मामी. डोक्यावर मरून रंगाची माकडटोपी, अंगावर शाल, पायात मोजे आणि बूट. टोपीतून चष्मा तेवढा बाहेर. माझ्या अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टाकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी घरून भांडून निघाले आहे. "कान तरी झाक गं अम्मा. पनी डोक्यात उतरते." मोबाइलवर चेन्नईचं तापमान होतं २२ अंश.

या मामी माझ्या कुठल्याच मामाच्या कोणी नव्हेत. मैलापूरमध्ये विशिष्ट वयाच्या, विशिष्ट अधिकाराच्या बाईला मामी म्हणतात, आणि त्या अधिकारात दुसऱ्याच्या कानांची काळजीही येते. 'पनी' म्हणजे आपलं पाणी नव्हे. तमिळमध्ये पनी म्हणजे दव, धुकं, हिम, सगळं एकाच शब्दात. बर्फाचा खडा तो 'पनिक्कट्टी'. आपल्या हेमंत-शिशिराच्या जागी तमिळ ऋतुचक्रात चक्क दोन पनी आहेत: मार्गळी आणि तै महिन्यांची मुन्पनी, मासी आणि पंगुनीची पिन्पनी. आधीचं दव आणि नंतरचं दव. ज्या शहराच्या नोंदींत आजवरचं नीचांकी तापमान १३.९ अंश आहे, आणि तेही १८९५ आणि १९०५ सालचं, त्या शहराने वर्षाचे चार महिने थंडीच्या नावावर लिहून दिले आहेत.

पहिल्या वर्षी मी खूप हसले. माझं माहेर निफाडकडचं. तिथे पारा पाचाच्या खाली गेला की रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून बसायची वेळ येते. आणि इथे दुधाच्या दुकानापाशी, बसथांब्यावर, मरीनाच्या कठड्यावर सगळीकडे मफलर! माहेरी फोन करून मी हे विनोद म्हणून सांगत असे. सांगायचं कधी थांबले ते आठवत नाही. पण मागच्या डिसेंबरात पहाटे दार उघडल्यावर माझाही हात खुंटीवरच्या ओढणीकडे गेला, हे इथे कबूल करून टाकते.

माझी भाची मिनियापोलिसला असते. जानेवारीत तिकडे पारा शून्याखाली वीस जातो आणि ही पोरगी तशातही पळायला बाहेर पडते. बुटांखाली काट्यांची जाळी चढवायची, अंगात कपड्यांचे तीन थर, त्यातला आतला सुती नको, कारण सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग तोच गारठवतो. बर्फावर पावलं पेंग्विनसारखी आखूड टाकायची, पाय लांब फेकायचा नाही. तिने एकदा विचारलं, "मावशी, तुम्ही हिवाळ्यात काय करता गं?" मी म्हटलं, "पळतो. बाकीचं वर्ष हिवाळ्याची वाट बघतो."

हे अगदी खरं आहे. तिच्या गावात हिवाळा माणसाला घरात कोंडतो, आमच्याकडे ते काम उन्हाळा करतो. २००३ च्या मेच्या शेवटच्या दिवशी इथे पारा ४५ अंशांवर गेला होता. पण आकड्यापेक्षा वाईट ती समुद्राची दमट हवा. घाम येण्याचा उपयोग तो वाळण्यात असतो. वाळला तर अंग निवतं. इथे तो वाळतच नाही. कोपरावरून थेंबथेंब गळत राहतो आणि आतली भट्टी पेटलेलीच. एप्रिलमध्ये सहा वाजता निघालेला माणूस अर्ध्या तासात शहाळ्याच्या गाडीला धरून उभा असतो. म्हणून मार्गळीतल्या बावीस अंशांना हसणाऱ्याने आधी इथल्या मे महिन्यात चार किलोमीटर पळून यावं, मग बोलावं.

हिवाळ्याआधी पावसाची परीक्षा असते, तीही उलट्या क्रमाने. आपला नैऋत्य मोसमी पाऊस संपला की यांचा ईशान्य मोसमी सुरू होतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत शहराचा वर्षाचा निम्म्याहून जास्त पाऊस पाडून जातो. २०१५ च्या डिसेंबरातला पूर, २०१६ च्या १२ डिसेंबरचं वरदा वादळ, २०२३ च्या डिसेंबरातलं मिचाँग. आमच्या पळण्याच्या आठवणी साल सांगून सुरू होत नाहीत, वादळाचं नाव सांगून होतात. वरदानंतर माझ्या नेहमीच्या रस्त्यावरची झाडं आडवी झाली आणि पुढचे दोन उन्हाळे मी सावलीच्या शोधात गल्ल्या बदलत राहिले. भाचीला जसा रस्त्यावरचा न दिसणारा काळा बर्फ, तसा मला पावसाच्या पाण्याखाली दडलेला खड्डा. एका नोव्हेंबरात एका खोदकामाने माझा घोटा महिनाभर जायबंदी केला. ते कुणी खोदून ठेवलं होतं ते राहू द्या; बुजवायला कुणी आलं नाही, एवढं खरं.

पाऊस ओसरला की सोळा डिसेंबरच्या आसपास मार्गळी लागते. उत्तरेची हवा येते, पहाटेला रस्त्यावरच्या दिव्यांभोवती पातळ धुकं दिसतं. मैलापूरच्या माड वीथींतून, म्हणजे कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवरून, त्या दिवसांत पळता येत नाही. दारादारांत कोलम. तांदळाच्या पिठाचे ठिपके आणि वळसे घराच्या उंबऱ्यापासून थेट रस्त्याच्या मध्यापर्यंत, आणि कडेला बादली घेऊन उभी असलेली बाई तुमच्या बुटांकडे बघत असते. मग उड्या माराव्या लागतात, कडेकडेने सरकावं लागतं. कुठल्याही प्रशिक्षकाने इतका चांगला चपळाईचा व्यायाम शिकवला नसेल. तेवढ्यात समोरून भजनाची दिंडी येते. गीतकार-गायक पापनाशम शिवन पूर्वी याच रस्त्यांवर मार्गळीच्या पहाटे भजन करत फिरत. ती चाल अजून मोडलेली नाही. टाळ ऐकले की माझी पावलं आपोआप कार्तिकातल्या काकडआरतीकडे वळतात, आणि मी पळायचं सोडून त्यांच्यामागे चालू लागते.

देवळांत रोज एकेक करत तिरुप्पावैची तीस पासुरं, म्हणजे पदं, म्हटली जातात. रचना संत आंडाळची. त्यातल्या दहा पासुरांत काय आहे? एक मुलगी थंडीत पहाटे उठून मैत्रिणींच्या दारोदार जाते आणि हाका मारते: उठा, पाखरं बोलू लागली, तुम्ही अजून झोपलेल्याच? आमच्या पहाटेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाची चालिका गेली सहा वर्षं हेच करते आहे. तिला कुणी संत म्हणत नाही, उलट दोघींनी तिला म्यूट केलं आहे.

आता यातली मजा अशी की, हे सगळं आपल्याकडेही होतं. सूर्य धनु राशीत असतो तो हा महिना. आपला धुंधुरमास. आजी सूर्योदयाबरोबर मुगाच्या डाळीची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा पानात वाढायची, उजाडायच्या आत अंघोळ झालेली पाहिजे ही अट. मैलापूरच्या देवळात पहाटे हातावर जो गरम वेण्-पोंगल पडतो तो तांदूळ आणि मुगाची डाळच, वर मिरे आणि तूप. पहिल्यांदा तो खाल्ला तेव्हा मी चार किलोमीटर चालून आले होते. पळसाच्या द्रोणाऐवजी केळीचं पान होतं, बाजरी नव्हती, पण चव थेट आजीच्या स्वयंपाकघरातली. आपण धुंधुरमास विसरलो, कारण आपल्याला पांघरुणात पडून राहण्याइतकी थंडी मिळते. यांना मिळत नाही, म्हणून यांनी ती देवासारखी पहाटे उठून साजरी करायचं ठरवलं, असं माझं मत. शास्त्राधार मागू नये.

लझचं नागेश्वर राव पार्क हा आमचा दुसरा अड्डा. गोल गोल फिरणाऱ्यांपैकी निम्मे गुडघ्यांबद्दल बोलत असतात, आणि बाग ज्यांच्या नावाची, त्या काशीनाधुनी नागेश्वर राव यांनीच अमृतांजन काढलं! तेही १८९३ साली, आपल्या मुंबईत. १९१४ साली कंपनी मद्रासला आली. माहेरच्या फडताळातली ती पिवळी बाटली आणि ही बाग एकाच माणसाची, हे कळलं त्या दिवसापासून मी तिथे गुडघा दुखल्याची तक्रार अधिक मोकळेपणाने करते. या बागेत कधी कधी रविवारी सकाळी मुलांची 'कचेरी' असते. पहिल्यांदा फलक वाचून मला वाटलं, महापालिकेचं काही काम असणार. इथे कचेरी म्हणजे गाण्याची मैफल. टेबलखुर्च्यांच्या जागी मृदंग.

आणि बर्फ? आहे ना, चेन्नईत बर्फाचा वाडासुद्धा आहे. मरीनाच्या रस्त्याने दक्षिणेकडे पळत गेलं की उजव्या हाताला एक गोलाकार, पांढुरकी इमारत लागते. आज ती विवेकानंद इल्लम. १८९७ च्या फेब्रुवारीत विवेकानंद इथे नऊ दिवस राहिले होते. पण जुने लोक तिला अजून आइस हाउसच म्हणतात. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने १८४२ साली ती बांधली, बर्फ साठवायला. न्यू इंग्लंडमधली तळी हिवाळ्यात गोठली की करवतीने बर्फाच्या लाद्या कापायच्या, लाकडाच्या भुशात गुंडाळायच्या, जहाजात रचायच्या आणि चार महिने समुद्रातून आणून मद्रासच्या साहेबांच्या पेल्यात टाकायच्या. वाटेत बराच वितळायचा, तरी धंदा परवडायचा. मुंबई आणि कलकत्त्यातही त्याची अशी बर्फघरं होती; उभं राहिलं ते इथलंच. पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि तो सगळा व्यापार विरघळून गेला.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावरही असा बर्फ कापला गेला. तळ्याकाठच्या झोपडीत राहणारा लेखक थोरो ते बघत होता. मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे घामेजलेले लोक आता आपल्याच विहिरीचं पाणी पितात, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. हा माणूस थंडीवाऱ्यात, बर्फातून, रोज चार चार तास चालणारा. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमचा हिवाळा तुम्ही विकत घेत होतात." मी म्हटलं, "आता नाही घेत. मुन्पनीत भागवतो."

आइस हाउसच्या समोर, वाळूच्या कडेला, पहाटे चालणाऱ्यांसाठी गाड्या लागतात. केळीच्या गाभ्याचा रस, सुक्कु कापी म्हणजे सुंठेची कॉफी, आणि अरुगंपुल्लचा हिरवागार रस. तो पुल्ल म्हणजे आपल्या दूर्वा. गणपतीच्या डोक्यावर एकवीस वाहायच्या त्या इथे पेलाभर पितात. चव वाईट आहे. मी दर हिवाळ्यात एकदा पिते आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुन्हा पीत नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला चेन्नई मॅरेथॉन असते, अंधारातच सुटते, कारण ऊन वर यायच्या आत पोरं घरी पोचली पाहिजेत. मग येते भोगी. आपल्याकडे भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी. इथे भोगीच्या पहाटे दारात जुन्या चटया, टोपल्या, कधी टायरसुद्धा जाळतात. धूर असा की विमानांना उशीर होतो. त्या दिवशी पळायचं नाही, हा मामींचा एकमेव नियम जो मी निमूटपणे पाळते.

पोंगलचा सण उलटला की चालणाऱ्यांची आणखी एक जात बाहेर पडते. जानेवारी ते एप्रिल ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला या किनाऱ्यावर येतात, आणि त्यांची घरटी शोधत विद्यार्थी रात्रभर वाळू तुडवतात. १९८८ पासून ही मुलं हे करताहेत. त्याआधी सत्तरच्या दशकात सर्पतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरुवात केली होती. नीलांगरैपासून बेझंटनगरपर्यंत सात-एक किलोमीटर, मध्यरात्री निघायचं, विजेरी लावायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आपल्या वेळासचा कासव महोत्सव पाहिलेल्यांना अंडी हलवून कुंपणात पुरणं ठाऊक असेल. इथे तेच, फक्त पाठीमागे महानगराचे दिवे, आणि दिव्यांमुळेच पिल्लं वाट चुकतात. मी एकदा गेले. त्या रात्री एकही कासवीण आली नाही. एक मेलेली मात्र दिसली, पाठीवर जाळ्याचा दोरा अडकलेली. पोरांनी ती वहीत लिहिली आणि पुढे चालू लागले. ओल्या वाळूत पायाची बोटं गार पडली होती. त्या पहाटे पहिल्यांदाच मला मामींची टोपी हवीशी वाटली.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी लिफ्टचं दार उघडलं, तर मामींचं डोकं मोकळं. पांढरा अंबाडा, त्यात मोगऱ्याचा छोटा गजरा. "झालं, पनी गेली," त्या म्हणाल्या, अगदी कुणी पाहुणा गावाला गेल्यासारखं. मी मोबाइल पाहिला. २४. कॅलेंडरावर मासी नुकता लागलेला, म्हणजे त्यांच्याच हिशेबाने नंतरचं दव अजून दोन महिने शिल्लक होतं. मी ते बोलून दाखवलं. मामींनी उत्तर दिलं नाही, फक्त घड्याळाकडे बोट केलं. पाच वाजले होते, आणि रस्त्यावरच्या हवेला आत्ताच घामाचा वास येऊ लागला होता.

"उद्यापासून साडेचार," त्या म्हणाल्या.