विश्लेषण : दुकानात गार, घरी गरम! दुरुस्त लॅपटॉपची चाचणी कुठे आणि कशी व्हावी?

लॅपटॉप उघडून रॅम वाढवली, नवी एसएसडी बसवली, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्टही बदलली. दुकानदार लॅपटॉप सुरू करून दाखवतो, ग्राहक पैसे देऊन निघतो. पनवेलच्या उकाड्यात एवढ्यावर दुरुस्ती पूर्ण झाली असे मानणे चूक आहे. लॅपटॉप सुरू होणे वेगळे आणि कामाचा ताण आल्यावर थंड राहणे वेगळे.

एसीतली चाचणी का फसवते?

लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. त्यामुळे खोली जितके अंश अधिक गरम, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही अधिक तापतो. २४ अंशांच्या दुकानात ८८ अंशांवर थांबलेला प्रोसेसर मे महिन्यात ३६ अंशांच्या घरात शंभरीला टेकतो. अनेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. लॅपटॉप बंद पडत नाही, म्हणून दोष ध्यानातही येत नाही. ऑनलाइन परीक्षेत स्क्रीन अडकते आणि खापर फुटते इंटरनेटवर!

मग चाचणी कशी करायची?

चार्जर जोडून, टेबलावर ठेवून. गादीवर नको. बॅटरी फुगलेली असेल तर मुळीच नको. सिनेबेंच किंवा प्राइम ९५ प्रोसेसरला कामाला जुंपते. वेगळी ग्राफिक्स चिप असेल तर फरमार्कही सोबत चालवावे, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन्ही चिपांची उष्णता तांब्याच्या त्याच नळ्यांतून बाहेर जाते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमानासोबत वेगही पाहावा. आकडा ९५ वर स्थिर दिसतो, पण वेग निम्म्यावर आलेला असू शकतो. दोन मिनिटांत यातले काही कळत नाही, अर्धा तास तरी द्यावा.

चूक कुठे होते?

बहुधा अगदी क्षुल्लक ठिकाणी. अर्ध्या मिलिमीटरच्या थर्मल पॅडजागी एक मिलिमीटरचा बसवला, तर उष्णता वाहून नेणारी पट्टी प्रोसेसरवरून किंचित उचलली जाते. मग पेस्ट कितीही महागडी असो, फायदा शून्य.

गर्दीच्या दुकानात अर्धा तास कुठून आणायचा, हा दुकानदाराचा प्रश्न रास्त आहे. त्या वेळाचे वेगळे पैसे त्याने जरूर मागावेत, पण आकडे दाखवावेत. लॅपटॉप उघडण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही. ग्राहकाने त्यांचे स्क्रीनशॉट काढावेत आणि घरी, एसी न लावता, तीच चाचणी पुन्हा करावी. सदोष दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि तेव्हा हेच आकडे पुरावा म्हणून कामी येतात. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला असला, तरी तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या नोंदवता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही नाही.