आकाशातली रांग, जमिनीवरचा हिशेब

भिवंडी तालुक्यातल्या आमच्या दिघाशीत मे महिन्याच्या दुपारी माणूस सावली सोडत नाही. तरीही हवाई दलाने ऐन उन्हाळ्यात कसरती ठेवल्या तर कोणती विमाने आणावीत, हा विषय निघाला की घराघरांतली मुले राफेल, सुखोई, तेजस अशी यादी धडाधड म्हणून दाखवतात. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. यादी दिसली की शेजारी दुसरा रकाना आखायची माझी खोड काही जात नाही.

युरोपात या कसरतींचा हंगाम उन्हाळाच. इंग्लंडातला फेअरफर्डचा मेळा जुलैत भरतो. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवर कसरती झाल्या त्या जानेवारी २०२४ मध्ये आणि बंगळूरचा मेळा भरतो फेब्रुवारीत. त्यामागे कारण आहे. हवा तापली की विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. मग जूनमध्ये पावसाळा येतो.

विमानांचा क्रम लावणे कादंबरी रचण्यासारखेच आहे. सगळी पात्रे पहिल्याच प्रकरणात आणून चालत नाही. लढाऊ विमाने लांबच्या तळावरून येतात आणि काही क्षणांत डोक्यावरून निघून जातात. मधली पोकळी हेलिकॉप्टरे आणि ‘आकाशगंगा’चे छत्रीधारी सैनिक भरून काढतात. ‘सूर्यकिरण’ची नऊ हॉक विमाने म्हणजे सगळ्यांच्या आवडीचे प्रकरण. शिवाय एखादे विमान बिघडले तर राखीव हवे, ढग खाली उतरले तर दुसरा कार्यक्रम हवा, आणि घारी-गिधाडांचाही विचार हवा. यात जीव पणाला लागलेला असतो. २०१९च्या फेब्रुवारीत बंगळूरला सरावात ‘सूर्यकिरण’ची दोन विमाने एकमेकांवर आदळून एक वैमानिक गेला; नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईत तेजस कोसळून आणखी एक.

पण यादीत प्रेक्षक कुठे आहेत? ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर ७२ विमानांचा कार्यक्रम ठरला होता आणि वेळ होती सकाळी अकरा ते दुपारी एक. लाखो माणसे जमली. ऊन आणि गर्दी यांत पाच जण दगावले. हे ऑक्टोबरात झाले, तर मे महिन्यात काय होईल? पाणी, सावली आणि परतीच्या गाड्या हादेखील विमानांच्या क्रमाचाच भाग मानला पाहिजे.

आता दुसरा रकाना. ३१ मार्च जवळ आला की ताळेबंद देखणा दिसावा म्हणून काय काय केले जाते, हे मी नोकरीत जवळून पाहिले आहे. आकाशातली रांगही तशीच देखणी असते. म्हणून ती खोटी ठरत नाही, पण ती शिल्लक सांगत नाही. मंजूर लढाऊ तुकड्या ४२. १९६३ पासून सेवेत असलेले मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगडला निवृत्त झाले, तेव्हा उरल्या २९. तेजसच्या सुधारित आवृत्तीची ८३ विमाने २०२१ मध्ये मागवली. ती २०२४ पासून मिळायची होती. अमेरिकेतून येणारी इंजिने रखडली आणि २०२५ संपेपर्यंत त्यातले एकही ताफ्यात आले नाही. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला या विमानाची जुळणी होते. तिथून पहिले उड्डाण ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, हे समाधान खरे, पण उड्डाण म्हणजे दाखल होणे नव्हे.

तेव्हा वाचकहो, मुलांना कसरती जरूर दाखवा, मात्र हिवाळ्यात आणि सकाळच्या उन्हात. टाळ्याही मनापासून वाजवा. घरी येताना मुलांना एवढे विचारा : आज नऊ विमाने पाहिलीत, पण आपल्याला हवीत किती आणि आहेत किती? हा प्रश्न विचारल्याने वैमानिकांचा मान तसूभरही कमी होत नाही. जुनी झालेली यंत्रे घेऊन उडावे लागते ते त्यांनाच.