आधी अंधार घ्या

घरात प्रोजेक्टर घ्यायचा विषय निघाला की सगळे मोबाईलवर किमती बघायला लागतात. मला कुणी सल्ला विचारला तर मी आधी दोनच गोष्टी विचारते. कुठल्या खोलीत लावणार? आणि त्या खोलीत संध्याकाळी दिवे मालवल्यावरही किती उजेड उरतो? खोलीचं माप सगळ्यांना तोंडपाठ असतं. उजेडाचं उत्तर मात्र पटकन येत नाही, कारण तिकडे कुणी कधी लक्षच दिलेलं नसतं. खिडकीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे का, शेजारच्या गॅलरीतला बल्ब रात्रभर जळतो का, पॅसेजमधली ट्यूब दाराच्या काचेतून आत येते का, हे प्रोजेक्टर आल्यावर कळतं.

टीव्हीचा पडदा स्वतः उजळतो. प्रोजेक्टर समोरची भिंत उजळवतो. त्यामुळे कितीही महाग यंत्र आणलं तरी त्याला भिंतीवर काळा रंग टाकता येत नाही. चित्रातला काळा म्हणजे यंत्राने जिथे उजेड टाकला नाही ती जागा. खोलीतल्या दिव्याने ती जागा राखाडी झाली असेल तर नायिकेचे केस राखाडी, रात्रीचं आकाश राखाडी, काळा कोट राखाडी. लोक मग रिमोट घेऊन ब्राइटनेस वाढवत बसतात आणि चित्र आणखी धुरकट होतं.

थोडा हिशोब सांगते, कारण तो कळला की निम्मे प्रश्न मिटतात. डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार थिएटरातल्या पांढऱ्या पडद्याची चमक दर चौरस मीटरला ४८ कँडेला असावी लागते. घरातलं १०० इंची चित्र साधारण ७ फूट ३ इंच रुंद आणि ४ फूट १ इंच उंच असतं. पूर्ण अंधाऱ्या खोलीत साध्या पांढऱ्या पडद्यावर हे चित्र थिएटरइतकं उजळ करायला सव्वाचारशे ल्युमेनच्या आसपास उजेड पुरतो. आता वर छताकडे बघा. २० वॉटच्या एलईडी ट्यूबमधून सुमारे २००० ल्युमेन बाहेर पडतात. एक ट्यूब चालू ठेवायची आणि प्रोजेक्टरने तिच्याशी झगडायचं, हा सौदा फार महागात पडतो. जाड अस्तराचे गडद पडदे शिवून घेतले तर त्याहून कितीतरी कमी खर्चात चित्र सुधारतं. चित्राचा आकार वाढवतानाही हेच लक्षात ठेवायचं: १०० इंचांचं २०० इंच केलं की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि तोच उजेड चौपट जागेत पसरतो.

आपल्याकडे चित्रं भिंतीवर पाडण्याचा नाद सिनेमाच्याही आधीचा आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे मुलगे ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ करत. काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, त्यानंतर काही वर्षांत गावोगावच्या जत्रांत तंबूतला सिनेमा पोचला. दिवस मावळल्याशिवाय तिथे खेळ रंगत नसे. या मंडळींकडचे दिवे आजच्या मानाने मंदच होते. त्यांनी अंधार सांभाळला म्हणून चित्रं दिसली.

ल्युमेनवरून आठवलं, खोक्यावरच्या आकड्याचं बोललंच पाहिजे. ऑनलाइन मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त यंत्रांवर पाच आकडी ल्युमेन छापलेले असतात. तो आकडा कशाचा आहे हे कुणी सांगत नाही. एएनएसआय ल्युमेन मोजण्याची एक ठरलेली रीत आहे: पांढऱ्या चित्राचे नऊ समान चौकोन करतात, प्रत्येकाच्या मध्यावर पडणारा उजेड मोजतात, त्याची सरासरी काढून चित्राच्या क्षेत्रफळाने गुणतात. म्हणून खोक्यावर ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ’ हा शब्द शोधायचा; तो नसेल तर आकडा विसरून जायचा. ‘फोर-के सपोर्ट’चंही तसंच. सपोर्ट म्हणजे फोर-के फाइल आत घेता येते एवढंच. बाहेर चित्र किती बारकाव्याचं पडणार ते ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ या ओळीत असतं, आणि ती ओळ बहुधा सगळ्यांत बारीक अक्षरात. साध्या माणसाला त्याच्या कमाईच्या बदल्यात खरी माहिती मिळायला हवी. ती अशी लपवणं मला फसवणूकच वाटते.

पडद्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिले काही महिने पडदा घेऊ नका. गुळगुळीत पुट्टी केलेली, मॅट पांढऱ्या रंगाची भिंत उत्तम काम देते. ऑइलपेंट नको, कारण तो मधोमध चमकतो. ओल येऊन पोपडे धरलेली भिंतही नको, प्रत्येक पोपड्याची सावली चित्रात दिसते. घरातली चादर सगळ्यांना सुचते, पण तिचं काय होतं हे गणेशोत्सवात रस्त्यावर सिनेमा पाहिलेल्यांना आठवत असेल. मंडळाचा पांढरा पडदा रस्त्याच्या मधोमध ताणलेला असे आणि उशिरा आलेली माणसं पडद्याच्या मागे बसत. त्यांनाही सिनेमा दिसे, फक्त डावं-उजवं बदलून. नायक डाव्या हाताने बंदूक चालवी. मागच्यांना दिसत होतं ते पडद्यातून पलीकडे निसटलेल्या उजेडामुळे. रस्त्यावर ती सोयच होती. घरात चादरीमागे कुणी बसलेलं नसतं आणि तेवढा उजेड वाया जातो. कापडच लावायचं तर पडदेवाल्याकडचं पांढरं ब्लॅकआऊट कापड आणा, वर-खाली लाकडी पट्ट्या ठोकून ताणून बसवा. सुरकुती राहिली नाही की झालं.

आता यंत्र कुठे ठेवायचं. याला मी सगळ्यांत जास्त वेळ देते.

प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नावाचा आकडा असतो. चित्राच्या रुंदीला या आकड्याने गुणलं की भिंतीपासून भिंगापर्यंतचं अंतर मिळतं. आकडा १.२ असेल तर १०० इंची चित्रासाठी पावणेनऊ फूट लागतात, १.५ असेल तर जवळपास ११ फूट. साताऱ्याला आत्याकडे बाहेरची खोली १२ फूट लांब. मागच्या भिंतीजवळ यंत्राचा फूटभर देह आणि त्यामागे वायरी वळायला अर्धा फूट सोडला की भिंग साडेदहा फुटांवर येतं. दादाने पसंत केलेल्या यंत्राचा आकडा १.५ होता आणि त्याला झूमही नव्हता. म्हणजे चित्र ७ फूट रुंद पडणार, १०० इंचांना थोडं कमी. हे सगळं टेप घेऊन, भिंतीवर खडूने चौकट आखून, यंत्र दुकानात असतानाच ठरलं. चौकट आखल्यावर आत्या गादीवर बसली, मग खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “खालची कड थोडी वर घे गं, पुढे पोरं बसली की त्यांची डोकी येतील.” ते टेपला कळलं नसतं. कड वीतभर वर गेली.

यंत्र आल्यावर दादाने ते दिवाणामागच्या उंच फळीवर ठेवलं आणि चालू केलं.

“अगं, हे छतावर का चाललंय?” आत्याने विचारलं.

“ते टेबलावर ठेवायचं म्हणून बनवलेलं असतं आत्या, उजेड वरच्या बाजूला फेकतं. उंचावर लावायचं तर उलटं टांगावं लागतं.”

बहुतेक घरगुती प्रोजेक्टरांची घडण अशीच असते. चित्र भिंगाच्या पातळीच्या वर पडतं. म्हणून ते एकतर कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर सरळ ठेवायचं, नाहीतर फळीच्या खालच्या अंगाला स्क्रूने उलटं टांगायचं आणि मेनूत ‘सीलिंग’ निवडायचं, म्हणजे चित्र सुलटं होतं. नुसतं पालथं ठेवू नये. हवेच्या जाळ्या बंद होतात आणि यंत्र तापतं. छताला टांगायचं असेल तर फास्टनर स्लॅबमध्ये गेला पाहिजे, पीओपीच्या भरवशावर वजन सोडायचं नाही. भाड्याच्या घरात छताला भोकं पाडायची नसतील तर मागच्या बाजूचं उंच टेबल बरं.

यंत्र वाकडं ठेवून रिमोटवरच्या ‘कीस्टोन’ने चित्र सरळ करणं सगळ्यांना सोपं वाटतं. मी ते शेवटचा उपाय म्हणून ठेवते. वाकड्या कोनातून टाकलेलं चित्र एका बाजूला पसरतं, आणि कीस्टोन ते सरळ दाखवण्यासाठी आतल्या आत आक्रसून घेतो. पैसे दिलेल्या ठिपक्यांपैकी बरेच मग वापरलेच जात नाहीत. वर चौकटीबाहेर एक फिकट राखाडी पट्टा उरतो, कारण न वापरलेल्या ठिपक्यांतूनही थोडा उजेड झिरपतोच. फळीवर पाणसळ ठेवून यंत्र समपातळीत आणा, भिंग डावी-उजवीकडून चित्राच्या बरोबर मध्यावर येईल असं सरकवा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि पुढची कित्येक वर्षं त्यावर चित्र उभं राहणार असतं.

वायरिंगचं थोडक्यात. साधी एचडीएमआय वायर १० मीटरपर्यंत फुल एचडीला बहुधा साथ देते. त्याहून लांब न्यायची किंवा एवढ्या लांबीवर फोर-के चालवायचं तर ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय घ्यावी. तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. उलटी लावली तर चित्र येत नाही. भिंतीत पाईप टाकणार असाल तर इलेक्ट्रिशियनला एचडीएमआयची पिन हातात देऊन ती आरपार जाईल एवढा पाईप टाकायला सांगा. बाकीच्यांनी केसिंग पट्टी लावावी. टीव्हीला लावायची स्टिक प्रोजेक्टरला लावली तर तिला तिचाच अ‍ॅडॉप्टर द्या. यंत्राच्या यूएसबीतून मिळणारी वीज कधी कधी अपुरी पडते आणि स्टिक मधूनच बंद-चालू होत राहते.

एक प्रश्न मला हमखास येतो: मोबाईलवरून लग्नाचा व्हिडिओ भिंतीवर दिसतो, पण ओटीटीवरचा सिनेमा लावला की आवाज येतो आणि चित्र काळं. यंत्र बिघडलेलं नसतं. सिनेमावर एचडीसीपी नावाचं कुलूप असतं, आणि वाटेतल्या प्रत्येक जोडणीला ते मान्य असावं लागतं. मोबाईलचा पडदा जसाच्या तसा पाठवताना ही साखळी बऱ्याचदा तुटते. मान्यताप्राप्त स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयला लावला की प्रश्न सुटतो. मोबाईल थेट वायरने जोडण्याआधीही चौकशी करा. टाइप-सी पिन असूनही कितीतरी मोबाईलमधून चित्र बाहेर निघत नाही.

आवाजाकडे लोक दुर्लक्ष करतात याचं मला फार वाईट वाटतं. प्रोजेक्टर डोक्यामागे असतो, म्हणजे त्याचा बारीक स्पीकरही डोक्यामागे. ओठ समोर हलतात आणि बोलणं मागून येतं. थिएटरच्या पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि मुख्य स्पीकर त्या पडद्यामागे असतात, ते याच कारणाने. घरी स्पीकर चित्राच्या खाली ठेवा. ब्लूटूथने जोडला तर आवाज किंचित उशिरा पोचतो, संवादात ते लगेच खटकतं. लांब वायर घ्या. माळ्यावर जुनी म्युझिक सिस्टिम पडली असेल तर ती खाली काढा. मागच्या लाल-पांढऱ्या पिना आणि प्रोजेक्टरचं हेडफोनचं भोक एका साध्या वायरने जोडता येतं. चांगल्या स्पीकरवर जुन्या नाट्यसंगीताचं चित्रीकरण लावून बघा, तबल्याचा ठेका छातीला जाणवतो.

लाइट जाणाऱ्या गावांत आणखी एक गोष्ट. ज्या प्रोजेक्टरात पाऱ्याचा दिवा असतो त्याचा पंखा यंत्र बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहतो, कारण तापलेला दिवा हळूहळू निवायला हवा. वीज अचानक गेली की तो पंखाही थांबतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. अशा ठिकाणी एलईडी किंवा लेझरचा प्रोजेक्टर घ्या, नाहीतर पाऱ्याच्या दिव्याचं यंत्र इन्व्हर्टरवर ठेवा.

दुकानात बघायला जाल तेव्हा डोळ्यांचीही परीक्षा घ्या. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधल्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये सूक्ष्म आरशांची चिप बनवली. प्रत्येक आरसा सेकंदात हजारो वेळा कलतो आणि उजेड भिंगाकडे पाठवतो किंवा अडवतो. हे कौशल्य मला आजही थक्क करतं. या चिपवरच्या बहुतेक घरगुती यंत्रांत लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागोमाग येतात, आणि काहींच्या डोळ्यांना नजर वळवताना त्यांचे तुकडे दिसतात. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या श्रेयनामावलीकडे बघत डोळे झटकन डावीकडून उजवीकडे न्या, घरातल्या प्रत्येकाला तसं करायला सांगा. आणि सोबत पेनड्राइव्हवर मराठी वर्तमानपत्राचं एक अख्खं पान न्या. ते भिंतीवर लावून मध्याकडे न बघता चारी कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाचा. तिथले अनुस्वार आणि रफार स्वच्छ वाचता आले तर किमतीचं बोलणं सुरू करा.