न घातलेली अंडी

२००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा सारी यंत्रणा धावली. कोंबड्या मारल्या गेल्या, भरपाईही मोजली गेली. ते योग्यच होते. परसातल्या कोंबडीच्या आतड्यातील जंतांसाठी मात्र कुणी धावल्याचे मला स्मरत नाही. जंतांनी कोंबडी क्वचितच मरते; ती रोडावते आणि अंडी कमी देते. विष्ठेतून पडलेली गोलकृमींची अंडी ओल्या, उबदार मातीत दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात. पट्टकृमी मुंग्या व भुंगेऱ्यांमार्फत पोटात शिरतात. मोर, रानकोंबड्याही कृमींपासून मुक्त नाहीत. तेव्हा एकदा औषध पाजून भागत नाही.

२०१९च्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्या सुमारे ३१.७ कोटी भरल्या. २०१२पेक्षा जवळजवळ ४६ टक्के अधिक. आम्ही पिल्ले वाटतो आणि वाटलेली पिल्ले मोजतो. (फाइलीतले पिल्लू कधी आजारी पडत नाही!) न घातलेल्या अंड्यांचा रकाना मी पाहिलेल्या एकाही तक्त्यात नव्हता. वास्तविक ते अंडे म्हणजे बहुधा घरच्या बाईच्या हातातला बाजारखर्च असतो. पिल्लांसोबत जंतनाशकाचे वेळापत्रक द्यावे आणि वर्षातून दोनदा विष्ठेची तपासणी व्हावी, एवढ्यासाठी नवी योजना लागत नाही.