कुंडीच्या तळाशी राबणारा सेवक



आजचा विषय पाहून काही वाचक नाक मुरडतील. धर्मगुरूने मैलापाण्यावर लिहावे काय, असेही कोणी विचारील. परंतु इस्राएल लोकांनी मलविसर्जनास छावणीबाहेर जावे, सोबत खणावयाचे हत्यार ठेवावे व मळ मातीने झाकावा, असा दंडक अनुवाद ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात घालून दिला आहे. पवित्र शास्त्राने ज्याची लाज धरली नाही, त्याची आपण का धरावी?

आमच्या शाळेचे वसतिगृह उतारावर आहे व नगराची मलवाहिनी वरच्या रस्त्याने जाते. पाणी आपण होऊन चढत नाही. म्हणून वसतिगृहाचे मैलापाणी एका बंद कुंडीत उतरते व कुंडीच्या तळाशी बुडून असलेला पंप ते वर लोटतो. त्याच्या तोंडाशी कठीण पोलादाची पाती मोटरीबरोबर फिरतात. जात्यात दाणे भरडावेत तसा मळ भरडला जातो व अरुंद नळातून निघून जातो.

गेल्या पावसाळ्यात सणाच्या आदल्या दिवशी हा पंप बंद पडला. मैलापाणी न्हाणीघरात उलटले. पाहुणे यावयाचे होते आणि माझा जीव कासावीस झाला. एक मजूर बांधव कंबर कसून म्हणाला, "फादर, झाकण काढा. दोन मिनिटांत उतरून बघतो." सांगावयास शरम वाटते, पण 'उतर' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात आमच्या वृद्ध वायरमनने माझा हात धरला. "फादर, आत हवा नाही, विष आहे."

त्याचे म्हणणे खरे होते. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. त्यास सडक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु वायूचे प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच मरते. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजणारा फसतो. हा वायू हवेहून जड असल्याने तळाशी साठतो. त्याच जागी पेट घेणारा मिथेनही असतो. म्हणून विहिरीत कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी रीत येथे घातक होय. पहिला माणूस कोसळला की त्याला वाचवावयास दुसरा धावतो, मग तिसरा. अशा रीतीने एका खड्ड्याने एकाच घरातील माणसे गिळली आहेत. सुरक्षेची साधने न देता माणसास गटारात वा सेप्टिक टाकीत उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. गटारात मृत्यू आल्यास 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली दिला. पण 'खून करू नको' ही पाचवी आज्ञा त्याच्या कितीतरी आधीची आहे. घाईपायी गरिबाला मृत्यूच्या तोंडी धाडणारा मालक तिच्यातून सुटतो काय?

कोणीही आत उतरले नाही. वायरमनने मुख्य स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात घातले आणि पंप साखळीने वर ओढला. विजेच्या केबलला धरून पंप कधीही ओढू नये. केबल सैल होऊन पाणी मोटरीत शिरते. रबरी हातमोजे घालून पंप धुतला, तो पात्यांभोवती फाटक्या लुगड्याची चिंधी व पोछ्याचे दोरे पीळ घालून बसलेले दिसले. दोष पंपाचा नव्हता, आमचा होता.

ज्यांच्या घरी वा संस्थेत असा पंप आहे, त्यांनी निदान वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून तो वर काढवून पाहावा. पात्यांची धार बोथट झाली आहे काय? तेलाच्या कप्प्यातील तेल दुधासारखे पांढरे दिसते काय? तसे असल्यास सील झिजून पाणी आत शिरले आहे. सील वेळीच न बदलल्यास मोटर जळते. पंप चालू व बंद करणारे तरंगते गोळे तेलकट मळाने चिकटतात, ते धुवावेत. केबलला कोठे चीर नाही, नळातील परतीचे पाणी अडविणारा व्हॉल्व्ह मिटतो व अर्थिंग शाबूत आहे, याचीही खात्री करावी. शेवटी कुंडीत स्वच्छ पाणी सोडून पंप योग्य पातळीस सुरू होतो व बंद होतो, हे डोळ्यांनी पाहावे. झाकण उघडे असता मुलांना जवळ येऊ देऊ नये व विडी पेटवू नये.

मातांनो व भगिनींनो, चिंधी, पॅड, प्लास्टिक व तळणीचे उरलेले तेल शौचकूपात वा मोरीत टाकू नका. पाती मळासाठी आहेत, कापडासाठी नाहीत.

सणाची मिस्सा दुसऱ्या दिवशी यथासांग पार पडली. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते काम त्या काळी दासाचे होते. मिस्सा अर्पण करताना माझे लक्ष त्या मजूर बांधवाकडे गेले. तो आपल्या लेकराला कडेवर घेऊन शेवटच्या बाकापाशी उभा होता. मी वेदीवर मनोमन क्षमा मागितली.

प्रभूमध्ये आपला,
तुमचा धर्मगुरू