टिव्होलींत आजी

परदेशीं सहकुटुंब गेलेल्या मंडळींत क्रीडोद्यानाचा दिवस उजाडला कीं एक ठराव हटकून संमत होतो : "आजी तिथें येऊन काय करणार? ती खोलींतच विसावेल." हा ठराव आम्हांस मान्य नाहीं.

कोपनहेगन येथील टिव्होली उद्यानाचेंच पाहा. जॉर्ज कार्स्टेनसेन यानें १८४३ सालीं उघडलेलें हें उद्यान मध्यवर्ती रेल्वे स्टेशनासमोरच असल्यामुळें पायपीट नाहीं. प्रवेशाचें तिकीट निराळें, पाळण्यांचें निराळें. तेव्हां जो पाळण्यांत बसणार नाहीं त्याला त्यांचा भुर्दंड नाहीं. १९१४ सालची चढउताराची लांकडी गाडी अद्याप धांवते, आणि तिचा वेग आवरणारा माणूस गाडींतच बसलेला असतो! मुलांना तींतून खालीं उतरवतां उतरवतां वडील मंडळींची पुरेवाट होते, ती गोष्ट वेगळी.

आजींचें खरें स्थान मात्र मूकनाट्यगृहासमोर. १८७४ सालीं चिनी धाटणीनें बांधलेल्या या रंगमंचाचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा. तो मिटला कीं हार्लेक्विन, कोलंबाइन व पिएरो यांची गंमत सुरू. संवाद नाहींत. डॅनिश न जाणणाऱ्या नातवाला जेवढें कळतें तेवढें आजींनाही कळतें. किंबहुना कांकणभर अधिकच, कारण लहानपणीं दशावतारी खेळ पाहिलेल्या डोळ्यांना सोंगांची भाषा शिकवावी लागत नाहीं. हे प्रयोग उन्हाळ्यांतले, तेव्हां प्रवासाचा बेत त्या मानानें आखावा. शाल बरोबर असावीच. प्रेक्षकांस उघड्यावर थांबावें लागतें, तेथील संध्याकाळ गार असते, आणि बागेंतले दिवे लागलेले पाहिल्यावांचून आजी कांहीं परतावयाच्या नाहींत.