वहीची राखण आणि काळजाची

अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ साली एका मुलाखतीत सांगितले की, २००७ मध्ये त्यांच्या छातीतील डिफिब्रिलेटर बदलताना डॉक्टरांनी त्याची बिनतारी संपर्काची सोय बंद करून टाकली होती. कोणी दुरून जीव घेईल, ही भीती होती. ही भीती पुढे सामान्यांच्याही दारी आली. ऑगस्ट २०१७ मध्ये ॲबट कंपनीच्या अमेरिकेतील सुमारे ४,६५,००० पेसमेकरांत असा दोष असल्याचे जाहीर झाले, की जवळपासचा त्रयस्थ रेडिओलहरींनी त्यांना आज्ञा देऊ शकेल. कोणाला इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती. पण दुरुस्तीसाठी प्रत्येक रुग्णाला दवाखान्यात जाणे भाग होते.

अशा दुखण्यावर आता ब्लॉकचेनचा उतारा सुचवला जातो. कल्पना देखणी आहे. नोंदींची वही एकाच्या कपाटात न ठेवता अनेकांकडे ठेवायची आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा उमटवायचा. मग कोणी गुपचूप खाडाखोड केली, तर पुढचे ठसे जुळत नाहीत. एस्टोनियाने २०१६ पासून आरोग्यनोंदींच्या राखणीसाठी याच जातीचे तंत्र हाती घेतले.

मात्र आमचा आक्षेप इथेच सुरू होतो. पेसमेकरातील दोष वहीत नव्हता, दारात होता. खोटी आज्ञा आत शिरली, तर साखळी ती इमानेइतबारे नोंदवील, आणि ती नोंद पुसताही येणार नाही. शिवाय छातीतल्या एका बॅटरीवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या यंत्राने साखळीचा हिशेब कुठून सांभाळावा? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस कामकाज कागदावर चालले. तिथे पहिला प्रश्न नोंद अस्सल आहे का हा नव्हता. ती हाती येते का, हा होता.

ब्लॉकचेन निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. उपकरण कोणी बनवले, त्यात कोणते सॉफ्टवेअर कधी भरले, हा इतिहास परस्परांवर विश्वास नसलेल्या कंपन्या व रुग्णालयांनी मिळून जपायचा असेल, तर ती उपयोगी पडेल. पण अमेरिकेने २०२३ मध्ये लागू केलेला रुक्ष नियम आम्हांस अधिक मोलाचा वाटतो: जोडणी असलेले नवे उपकरण विकू पाहणाऱ्याने त्यातील सॉफ्टवेअर-घटकांची यादी आणि दोष दुरुस्त करण्याची योजना आधी सादर करावी. ब्लॉकचेनचे समर्थक सांगतात की, तिच्यामुळे कोणा एकावर विश्वास ठेवावा लागत नाही. ज्याच्या छातीत यंत्र आहे त्याला मात्र रात्री-अपरात्री जाब विचारता येईल असा कोणी एक हवाच असतो, आणि तो साखळीत सापडत नाही.